ऐकणाऱ्यांच्या छातीतील धूळ



कापडगिरणीतील धुळीने कामगाराची छाती भरते, हे मान्य करून घेण्यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले. प्रकृतीच नाजूक, विडी फार ओढतो, असा दोष आधी कामगाराच्याच माथी येई. पुढे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने तो विकार व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला. मानसिक समुपदेशनाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांचा प्रश्न याच जातीचा आहे.

बलात्कार, घरातील मारहाण, आत्महत्येचा प्रयत्न यांच्या हकिकती रोज ऐकणाऱ्याच्या मनातही त्यांचा अंश साचतो. 1990 साली मॅक्कॅन आणि पर्लमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याला ‘व्हायकेरिअस ट्रॉमटायझेशन’ हे नाव दिले. मराठीत परदुःखाघात म्हणावे. नुसता थकवा रजेने उतरतो. येथे जगाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. शेजारचा सज्जन गृहस्थ संशयास्पद वाटू लागतो, स्वतःची मुलगी शाळेतून येईपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही, ऐकलेला प्रसंग झोपेत डोळ्यांपुढे येतो. 1995 साली पर्लमन आणि मॅक इयन यांनी 188 उपचारकांची पाहणी केली. स्वतः पूर्वी आघात सोसलेल्या व या कामात नव्याने आलेल्या उपचारकांना सर्वाधिक त्रास होत असल्याचे त्यांना आढळले. स्वतः सोसलेली माणसेच पुष्कळदा या कामाकडे ओढीने येतात; त्यांना दुर्बल ठरवून दूर सारणे हा शुद्ध अन्याय होय.

1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. 10 ऑक्टोबर 2022 रोजी ‘टेलि-मानस’ ही चोवीस तासांची दूरध्वनी सेवा देशभर सुरू झाली. ऐकण्याचे काम असे वाढत गेले. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे प्रशिक्षणार्थीला ऐकलेले घरी सांगता येत नाही. घरचे दार बंद असेल, तर संस्थेने आपले दार उघडे ठेवलेच पाहिजे.

म्हणजे काय करावे? अनुभवी समुपदेशकाने दर आठवड्याला प्रशिक्षणार्थीजवळ ठरलेला वेळ बसावे. ‘प्रकरण कोठवर आले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ऐकताना तुझे काय झाले?’ हेही विचारावे लागते. हा वेळ कामाच्या तासांत धरावा. ही बैठक गुण देणाऱ्या परीक्षकासमोर होऊ नये, कारण नापास होण्याच्या भीतीपोटी कोणीही खरे बोलत नाही. लागोपाठ अत्याचाराचीच प्रकरणे एकाच्या वाट्याला देऊ नयेत. सहकाऱ्याजवळ मन मोकळे करतानाही आधी त्याची तयारी विचारावी आणि अंगावर काटा आणणारे तपशील गाळावेत. नाहीतर एकाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, इतकेच. योगासने, संगीत, सहली जरूर असाव्यात. परंतु दिवसाकाठी दहा दुःखे ऐकावयास लावून संध्याकाळी प्राणायाम सांगणे ही मालकाची युक्ती झाली.

येथे चळवळीनेही आपल्या अंगणात पाहावे. पीडित स्त्रीबरोबर पोलीस ठाण्यात रात्र काढणारी कार्यकर्ती दुसऱ्या दिवशी सभेला आली नाही, तर ‘निष्ठा कमी पडली’ म्हणणारे आपल्याकडे आहेत. त्यागाच्या गौरवाखाली कित्येक चांगली माणसे मुकाट्याने काम सोडून गेली. प्रवासखर्च, छपाई, सभागृहाचे भाडे यांची तरतूद अंदाजपत्रकात न चुकता होते. ऐकणाऱ्याचे ऐकून घेणाऱ्या अनुभवी माणसाच्या मानधनाचा रकाना मात्र तेथे सहसा नसतो. तो पुढच्या अंदाजपत्रकात घालावा.