वर्गणी न देणारे वर्गणीदार

(गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बिलासपूरच्या आपल्या मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळींनी लिहून मागितला म्हणून जसा आठवला तसा दिला आहे.)



दरवर्षी या जागी आपण विद्वान वक्ते ऐकतो. यंदाचे वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत आणि कार्यवाहांची नजर माझ्यावर पडली. मी पी-वेचा माणूस. अमरावतीला पदविका केली आणि वीस वर्षांहून अधिक काळ रुळांची देखभाल करतो आहे. मला भाषण येत नाही. पण आमच्या सौ.चं यूट्यूब चॅनेल आहे, त्यातून चार पैसे मिळतात, ही बातमी कॉलनीत पसरली आहे आणि बुधवारी बाजारात भाजी घेतानासुद्धा लोक मला थांबवून विचारतात, "साहेब, महिन्याचे किती येतात?" तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं, असं ठरवलं.

सुरुवात २०२० च्या जुलैत झाली. टाळेबंदीत शिंपी बंद, आणि शेजारच्या मुलीचं लग्न घरच्या घरी ठरलेलं. सौ.ने तिला शिवलेली नऊवारी करून दिली. मुलीच्या इंदूरच्या आत्याने विचारलं, "कशी शिवलीस, दाखव ना." मी मोबाईल धरला, सौ.ने कात्री धरली, आणि अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ तयार झाला. आत्याला पाठवायला म्हणून तो यूट्यूबवर टाकला. महिन्याभरात आत्या सोडून आणखी दोनशे जणींनी पाहिला. तिथून आमच्या डोक्यात किडा शिरला.

आता हिशेब सांगतो, कारण गैरसमज तिथेच आहेत. व्हिडिओ टाकला की पैसे सुरू, असं नसतं. जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्राइबर लागतात, आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिलेले असावे लागतात. हा नियम २०१८ पासूनचा. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. चौदा मिनिटांचा व्हिडिओ माणूस सरासरी चार मिनिटं बघतो, हा आमचा अनुभव. म्हणजे साठ हजार वेळा तो पाहिला गेला पाहिजे. दुसरा रस्ता शॉर्ट्सचा, नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. नऊवारीच्या काष्ट्याला एक कोटी कुठून आणायचे? आणि शॉर्ट्स फीडमध्ये वर सरकवत जे पाहिले जातात, ते त्या चार हजार तासांत धरत नाहीत. आमच्या ऑफिसमधल्या एका तरुण सहकाऱ्याने दीडशे शॉर्ट्स टाकल्यावर त्याला हे कळलं.

सबस्क्राइबर या शब्दाला मराठीत वर्गणीदार म्हणतात. फक्त हे वर्गणीदार एक पैसाही देत नाहीत. आपले खजिनदार हसताहेत, त्यांना असे वर्गणीदार चांगले परिचयाचे आहेत.

एक मोठा वाद झाला तो भाषेचा. मित्र म्हणाले, हिंदीत करा, दहापट लोक बघतील. एकाने तर दाखलाच दिला. आपल्या कटनी लाइनवर पेंड्रा रोड स्टेशन आहे, त्या पेंड्र्याहून माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं. माणूस मराठी, मासिक हिंदी. मला मुद्दा पटला. सौ. म्हणाली, "सप्र्यांना सगळ्यांशी बोलायचं होतं. मला ओचा आणि काष्टा सांगायचाय, त्याला हिंदीत शब्द शोधत बसू का?" शिवाय, सप्र्यांचं मासिकही पैशाअभावी तीन वर्षांत बंद पडलं, हे तिने मला ऐकवलं. तेव्हा बोलणं मराठीतच राहिलं. मी रात्री बसून हिंदी उपशीर्षकं टाकू लागलो, आणि व्हिडिओचं नाव दोन्ही भाषांत देण्याची सोय आहे ती वापरली. त्यामुळे रायपूर, भिलाईच्या हिंदी बोलणाऱ्या बायकाही आल्या. मुलीच्या शाळेत शिवाजी जयंतीला नऊवारी हवी असते, मग भाषा कुठलीही असो.

दुसरी अडचण आमच्या क्वार्टरची. मागूनच मेन लाइन. कोरब्याच्या कोळशाच्या मालगाड्या किती धावतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सौ. कंबरेचं माप सांगायला लागली की नेमका लोको पायलट हॉर्न देणार. शेवटी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात एकेक तुकडा घ्यायचा, अशी पद्धत बसवली. साडेसातशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला. नवा मोबाईल घेण्याआधी माइक घ्या, हा माझा सगळ्यांना सल्ला आहे. धूसर चित्र लोक चालवून घेतात, आवाज नीट आला नाही तर लगेच निघून जातात.

ते कधी निघून जातात हे यूट्यूब आलेखावर दाखवतं. ट्रॅक रेकॉर्डिंग कारचा आलेख वाचणाऱ्याला तो वाचायला त्रास पडत नाही. आमच्या पहिल्या व्हिडिओंत सुरुवातीला मी दीड मिनिटं गरगर फिरणारं नाव, समई, सनईचा सूर असं सगळं घातलं होतं. मला फार आवडायचं. आलेख पाहिला तर चाळिसाव्या सेकंदाला निम्मी मंडळी पसार! सगळं काढून टाकलं. आता सौ. पहिल्याच वाक्यात सांगते, "काष्टा मागून ताणतो आणि खाली बसता येत नाही, त्यावर आज उपाय बघू." आणि थेट कात्री. (एकदा मी एका सिनेमातलं गाणं मागे लावलं होतं. त्या व्हिडिओचे पैसे आजतागायत गाण्याच्या मालकांकडे जातात. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, ते घ्यावं.)

आता जे सांगायचं मी टाळत होतो ते सांगतो. सौ. समोरच बसली आहे, तिची परवानगी घेतली आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सव्वा वर्षात, आमचे सबस्क्राइबर झाले चारशे तीस. मी रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी आकडा बघायचा, संध्याकाळी परत बघायचा. गेज मोजणाऱ्या माणसाला आकड्याचं वेड असतंच. अशात एका मुलाने सांगितलं, नऊशे रुपयांत पाचशे सबस्क्राइबर मिळतात. मी पैसे दिले. घरी बोललो नाही. चार दिवसांत आकडा नऊशेच्या वर. मी पेढे आणले, आणि सौ.ने ते देवापुढे ठेवले. हे आठवलं की आजही मला कसंसंच होतं.

पंधरा दिवसांत त्यातले दोनशेच्या आसपास आपोआप गळून गेले. अशी खोटी नावं यूट्यूब वेळोवेळी झाडून काढतं. पण सौ.च्या ध्यानात आलं ते निराळ्याच गोष्टीवरून. ती म्हणाली, "माणसं दुप्पट झाली, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्याच सात-आठ जणी कशा?" मी म्हटलं, लाजत असतील. तिने एकेक नाव उघडून पाहिलं. मग मला विचारलं. मी सांगितलं.

ती भांडली नाही. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी इतके दिवस बोलताना समोर बाया बसल्यात असं समजून बोलत होते. आता समोर कोण आहे तेच मला माहीत नाही." आणि तिने चॅनेल बंद करायचं ठरवलं. मी समजावलं, की चारशे तीस तरी खऱ्या आहेत, सव्वा वर्षाची मेहनत आहे, उरलेले खोटेही हळूहळू जातील, कोणाला कळणार आहे? तिचं म्हणणं एवढंच, की मला कळलंय ना.

डिसेंबरात त्या चॅनेलवर शेवटचा व्हिडिओ टाकला. दोन मिनिटांचा. त्यात ती म्हणाली, "आमच्या घरातल्या एका माणसाने इथे आकडे विकत घेतले. म्हणून हे चॅनेल बंद करून मी नवीन सुरू करतेय. ज्यांना यायचं त्यांनी या." तो व्हिडिओ मीच चित्रित केला. मोबाईल हलू नये म्हणून कोपर भिंतीला टेकवून उभा होतो.

तीनशेच्या आसपास बायका नव्या चॅनेलवर आल्या. जुने व्हिडिओ तिने तसेच उचलले नाहीत, सगळे पुन्हा केले, आणि पहिल्यापेक्षा चांगले केले. काय दाखवायचं ते ती आता लोकांच्या प्रश्नांवरून ठरवू लागली. सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ नवी नऊवारी शिवण्याचा नाही. बाळंतपणानंतर घट्ट झालेली शिवलेली नऊवारी सैल कशी करायची, याचा आहे. हा प्रश्न बडोद्याच्या एका बाईने विचारला होता, आणि तो प्रश्न किती घरांत पडून होता ते नंतर कळलं. दुसरा चालला तो आपल्या भागातल्या कोशाचा. चांपा इथून तासाभरावर. तिथल्या कोशाचं थानातलं कापड नऊवारी लांबीचं कापून घेऊन, त्याला वेगळा काठ लावून तिने नऊवारी शिवली. असं काम पुण्या-मुंबईच्या चॅनेलवर तिला कुठे दिसलं नव्हतं, आणि चांपा तर आपल्या हाताशी.

२०२२ च्या नोव्हेंबरात हजार पूर्ण झाले, तास भरायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. मार्च २०२३ मध्ये मंजुरी आली. दहा डॉलर जमल्यावर पत्ता पडताळायला गूगलकडून साध्या टपालाने एक पाकीट येतं, त्यात पिन असतो. आम्ही पत्त्यात क्वार्टर क्रमांकाचा टाइप चुकवला, पहिलं पाकीट कॉलनीत फिरत राहिलं, दुसरं जूनमध्ये मिळालं. मग अमेरिकेच्या कराचा फॉर्म. घाबरू नका, तिथल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईपुरताच तो कर कापतात, आणि भारताशी असलेल्या करारामुळे दर १५ टक्के पडतो. फॉर्म भरलाच नाही तर मात्र सगळ्या कमाईवर जास्त कापू शकतात. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये, गणपतीच्या आधी, एकशे सहा डॉलर निघाले. बँकेचं शुल्क जाऊन साडेआठ हजारांच्या वर हातात आले. तीन वर्षांनी.

जाहिरातदार जे देतो त्यातले ५५ टक्के आपल्याला, ४५ यूट्यूबला. शॉर्ट्सना आपला वाटा ४५ टक्के. आमच्याकडे हजार व्ह्यूजमागे कधी तीस, कधी साठ रुपये पडतात. दिवाळीच्या आसपास बरे, जानेवारीत एकदम खाली. २०२४ या सबंध वर्षात जाहिरातींचे एकतीस हजार आले. म्हणजे महिन्याला अडीच हजार. भाजीवाल्याला हाच आकडा सांगितला तर त्याचा विश्वास बसला नाही.

पण त्याच वर्षी सौ.ने सव्वाशे नऊवाऱ्या शिवल्या. शिलाई अकराशे. दोरा, इलॅस्टिक, टपाल वजा जाता लाखाच्या थोडं वर उरलं. गिऱ्हाईक सगळं व्हिडिओ बघूनच आलेलं: नागपूर, इंदूर, हैदराबाद, एक जण जबलपूरची. त्यातल्या काही जणी जुन्या चॅनेलवरून आलेल्या त्या तीनशेतल्या. गणपतीची नऊवारी हवी तर बायका महिना-दीड महिना आधी शोधायला लागतात, म्हणून व्हिडिओ आषाढातच टाकावा लागतो. श्रावण संपताना टाकलेला व्हिडिओ म्हणजे गाडी सुटल्यावर काढलेलं तिकीट.

रेल्वेतल्या बंधूंना एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आपल्याला रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ लागू आहेत. त्यातला १५ वा नियम वाचा. पूर्वपरवानगीशिवाय आपल्याला धंदा करता येत नाही, आणि घरातलं कोणी करत असेल तर कळवावं लागतं. चॅनेल, बँक खातं, कष्ट, सगळं सौ.चं आहे, तरी मी लेखी कळवलं आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवली आहे. तिचं विवरणपत्र ती वेगळं भरते. आणि रुळावर, पॅनलवर, ड्युटीच्या जागी मोबाईल काढून चित्रण करू नका. व्ह्यूज खूप मिळतील, त्याबरोबर आरोपपत्रही मिळेल.

सौ. तिकडून खूण करते आहे, आरतीची वेळ झाली. उद्या सकाळी तिला भिलाईची दोन पार्सलं करायची आहेत, त्यामुळे आम्ही महाप्रसादाला जास्त थांबणार नाही. कळवण्याच्या अर्जाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी मला प्रसादाच्या रांगेत गाठावं. शिवणाबद्दल मला विचारू नका. मी फक्त मोबाईल धरतो.