उसवता येईल अशी शिवण

अठराव्या शतकातला युरोपीय झगा घरी शिवायला घेतला की पहिली चिंता अस्सलपणाची असते. रेशीम खरं हवं का, प्रत्येक टाका हाताचाच हवा का, मशीन चालेल का? माझं म्हणणं असं, की अस्सलपणा आधी शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या कापडात शोधावा. त्या काळी कापड महाग होतं आणि शिलाई स्वस्त. बार्बरा जॉन्सन या इंग्रज बाईंनी १७४६ ते १८२३ या काळात आपल्या कपड्यांच्या कापडाचे तुकडे एका वहीत लावले. ती वही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तुकड्यांशेजारच्या नोंदी किती वार आणि काय भाव अशा आहेत. एवढं मोलाचं कापड कातरायला कुणाचा हात धजावेल? म्हणून ते शक्यतो कापत नसत, चुण्यांत जिरवत.

पाठीवर रुंद चुण्या सोडलेला फ्रेंच झगा पाहा. चुण्या मानेपाशी टाचलेल्या असतात आणि तिथून थेट जमिनीपर्यंत मोकळ्या उतरतात. अंगाला बसतं ते आतलं अस्तर. कित्येक झग्यांत त्या अस्तराला पाठीमागे नाडी असे, ती सैल किंवा घट्ट करता येई. पुढे १७७०-८० च्या सुमारास अंगासरशी पाठ आवडू लागली, तेव्हा जुन्या झग्यांच्या त्याच चुण्या कमरेपर्यंत शिवून टाकल्या गेल्या. १८४०च्या दशकातही आज्यांच्या रेशमाचे नवे पोशाख झाले. जुन्या सुईची भोकं आणि मोडलेल्या घड्यांच्या रेषा यांवरून हे वाचता येतं. वेशभूषा-इतिहासकार जॅनेट अर्नोल्ड यांनी संग्रहालयांतले झगे मोजून त्यांचे आराखडे काढले, १९६४ पासून ते ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या पुस्तकमालेत छापले, आणि हे फेरफारही टिपले. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. तिथे मोठ्यांचे कपडेही बदलत्या काळाच्या अंगाने शिवलेले होते.

यावर कुणी म्हणेल, मग जुना खरा झगा सापडला तर तोही खुशाल उसवावा? मुळीच नाही. त्याची भोकं आणि घड्या हाच पुरावा आहे, एकदा उसवला की तो गेला. बदलाचा हक्क नव्याने शिवलेल्या झग्याला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज कापड स्वस्त आणि वेळ महाग, तेव्हा जुनी काटकसर पाळणं हे निव्वळ सोंग नाही का? पण त्या झग्याचा आकारच त्या काटकसरीतून आला आहे. चुणीत जिरवायचं कापड कातरून टाकलं, तर पाठीवरचा तो जड, संथ ओघळ येत नाही. शिवाय आतला ताठ कॉर्सेट बदलला, अंग जरा भरलं, की माप बदलतंच. म्हणून अस्तर आधी मांजरपाटाचं करून कॉर्सेटवरूनच अंगावर बसवावं, मगच रेशमाला हात लावावा. बाजूच्या शिवणींत निदान इंचभर कापड सोडावं आणि कडा ओव्हरलॉकच्या पात्याखाली छाटू नयेत. आतल्या लांब शिवणींना मशीन चालेल. मात्र वरच्या रेशमाच्या चुण्या हाताच्या धावदोऱ्यानेच धराव्यात, कारण तो दोरा एका टोकाने ओढला की निघतो, आणि रेशमावर मशीनच्या टिपेची दाट रांग उरत नाही.