लेव्हल, ताप आणि आठची गोळी

भोरहून पहाटेची एसटी पकडून मी स्वारगेटला उतरतो, तेव्हा आठची टॅक्रोलिमस पोटात नसते, खिशात असते. लेव्हलचं रक्त गोळीआधी द्यायचं असतं ना! लेव्हल कमी आली तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं. जास्त आली तर जंतुसंसर्गाचा धोका, वर त्याच किडनीला इजा.

१९५४ साली बोस्टनला किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणून या गोळ्या लागल्याच नाहीत. मला आईने दिली, तरी गोळ्या जन्मभर.

स्टँडवर मास्क लावला की लोक म्हणतात, कोविड गेला की हो! मला धाक टीबीचा. त्यावरचं हुकमी औषध रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल धाडकन खाली आणतं. म्हणजे टीबी बरा करताना किडनी जायची भीती. मग डोस वाढवा, सारखं रक्त तपासा, नाहीतर रिफाब्युटिन वापरा. उलट फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन लेव्हल चढवतात, पपनससुद्धा! म्हणून मेडिकलमधून परस्पर काही घ्यायचं नाही.

मोठा संसर्ग झाला तर डॉक्टर बहुधा आधी मायकोफेनोलेट कमी किंवा बंद करतात, स्टिरॉइड चालू ठेवतात. पण ते त्यांनी ठरवायचं. "ताप आहे, दोन दिवस गोळ्या बंद ठेव" म्हणणारे काका घरोघरी असतात. ताप शंभरावर गेला की मी रात्रीसुद्धा फोन करतो. स्टिरॉइडमुळे कधी ताप चढतच नाही, नुसता खोकला रेंगाळतो. तोही सांगायचा.