रानपिंगळा आणि पोकळ झाड



तुकईथडच्या दक्षिणेस मेळघाटचे सागवन पसरलेले आहे. तेथून पायी जाणाऱ्याची दृष्टी बहुधा वाघाच्या पाऊलखुणा शोधते. परंतु निष्पर्ण फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला लहानसा रानपिंगळाही तितकाच दर्शनीय होय. गावातील पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ ठिपकेविरहित असते.

१८८४ नंतर या पक्ष्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना. तो नामशेष झाला, असेच मानले गेले. १९९७ साली, ११३ वर्षांनी, तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला; पुढे मेळघाटात व खंडव्याच्या वनांतही आढळला.

सरडे, उंदीर व कीटक खाणारा हा पक्षी स्वतः ढोली कोरीत नाही. जुन्या झाडातील आयती ढोली हेच त्याचे घर. पोकळ झाड जळणासाठी तोडले, की त्याची पुढची पिढीही जाते. घुबड अशुभ मानून त्यास मारणे हा तर कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून वनात निःशब्द चालावे, दुरूनच पाहावे आणि ढोलीच्या झाडास कुऱ्हाड लावू नये. एकदा परतलेला पाहुणा पुन्हा परतेलच, याची शाश्वती नाही.