कोयनेचं पाणी कोकणात का जातं?

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचं पाणी पश्चिमेला वळवलं तर वीज बनवायला सह्याद्रीचा कडा आयता मिळतो, हे टाटांच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हेरलं होतं. प्रत्यक्ष धरण मात्र स्वातंत्र्यानंतर झालं. उंची 103 मीटर, आणि मागे साठणारा शिवसागर जलाशय सुमारे 105 टीएमसीचा.

खरी करामत दिसते ती डोंगराच्या पोटात. बोगद्यांतून पाणी जवळपास पाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. संपूर्ण कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट. मार्च 1999 मध्ये तर भरल्या जलाशयाला तळातून भोक पाडलं, तेच ते लेक टॅपिंग! आपल्या अभियंत्यांचं हे धाडस दाद देण्याजोगंच.

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरण टिकलं, नंतर ते बळकटही केलं. राहिला प्रश्न पाण्याचा: पश्चिमेला ते किती वळवायचं, यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. उरलेलं पाणी पूर्वेकडच्या शेतीसाठी नदीत सोडलं जातं.