‘असे म्हटले जाते की...’ कोण म्हणतं?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इंग्रजी व्याकरण’ हा विषय पाहून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हुंडा, मारहाण, पोटगी या विषयांत हे मध्येच काय? मी तीस वर्षं नागपुरात मुलींना इंग्रजी शिकवलं. त्यातल्या एका धड्याबद्दल मला आज तुमच्यापुढे थोडी कबुली द्यायची आहे.

धडा होता ‘चेंज द व्हॉइस’चा. दहावीपर्यंत शिकलेल्या मैत्रिणींना तो आठवत असेल. फळ्यावर वाक्य लिहायचं, ‘पीपल से दॅट शी इज लेझी’. लोक म्हणतात की ती आळशी आहे. त्याचं करायचं, ‘इट इज सेड दॅट शी इज लेझी’. असे म्हटले जाते की ती आळशी आहे. मुली विचारायच्या, ‘मॅडम, शेवटी बाय पीपल लिहायचं का?’ मी सांगायची, ‘नको, गाळलं तरी चालतं. मार्क पूर्ण मिळतात.’

आता या वाक्याकडे नीट बघा. सुरुवातीला ‘इट’ आहे. हे ‘इट’ म्हणजे कोण? कोणीच नाही. इंग्रजी वाक्यात कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे उभं केलेलं ते बुजगावणं आहे. प्रत्यक्ष म्हणणारे ‘पीपल’ वाक्यातून निघून गेले. ‘दॅट’च्या पुढची ‘शी’ मात्र जागची हलली नाही. म्हणणारे सुटले आणि जिच्याबद्दल म्हटलं ती अडकली.

मराठीत हे नाही असं समजू नका. ‘सून पांढऱ्या पायाची आहे असं म्हणतात.’ कोण म्हणतात? क्रियापद अनेकवचनी आहे, कर्ता कुठेच नाही. पण घरातलं हे ‘म्हणतात’ निदान पकडता तरी येतं. आमच्या शेजारच्या आजी अशा वेळी ताडकन विचारायच्या, ‘कोन म्हन्ते? नाव सांग ना त्याचं!’ सांगणारी गप्प व्हायची.

कचेरीतलं मराठी त्याहून कठीण. ‘निदर्शनास आले आहे की’, ‘कळविण्यात येते की’, ‘असा निर्णय घेण्यात आला की’. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानं राज्याचा कारभार मराठीत आणला. पण इंग्रजी कागदांचं हे वळण त्या मराठीतही राहिलं. निर्णय ‘घेण्यात’ येतो, रेशनकार्ड ‘रद्द करण्यात’ येतं. घेणारा आणि करणारा कागदावर सापडत नाही.

मी स्वतःही एकदा यात सापडले होते. नोकरीत असताना मला मेमो मिळाला, ‘इट हॅज बीन रिपोर्टेड दॅट यू...’ म्हणजे माझ्याविरुद्ध काहीतरी कळवलं गेलं होतं. कुणी कळवलं, हे मी ऑफिसात विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तर इंग्रजीच्या. मेमोचं इंग्रजी असंच असतं.’ मी वरमले. हे इंग्रजी मीच शिकवत होते ना!

माझं त्या मेमोनं फार काही बिघडलं नाही. पण हीच वाक्यरचना न्यायालयात एखाद्या बाईच्या वाट्याला येते तेव्हा काय होतं, हे आपल्या विदर्भानं पाहिलं आहे.

२६ मार्च १९७२ची रात्र. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. एक मजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा. भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणलं होतं. सोबतच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं गेलं. तिनं सांगितलं की एका शिपायानं तिच्यावर बलात्कार केला आणि हेडकॉन्स्टेबलनं अत्याचार केला. तिच्या नावानं हा खटला देशभर ओळखला जातो. पीडितेचं नाव छापण्यावर १९८३च्या कायद्यानं बंदी घातली. तिच्यासाठी ती उशिरा आली. मी आज तिला ‘ती’च म्हणणार आहे.

सत्र न्यायालयानं १९७४मध्ये दोघांना सोडलं. ती खोटं बोलते आणि तिची संमती होती, असं धरलं. १९७६मध्ये आपल्या इथल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. भीतीपोटी शरीर निमूट सोपवणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून दोघांना शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा ‘कथित संभोग’ हा शांततेत झालेला प्रकार होता आणि प्रतिकाराची हकीकत खोटी, असा त्या निकालातल्या शब्दांचा आशय आहे.

‘कथित संभोग’ हे दोन शब्द व्याकरणाच्या बाईच्या नजरेनं वाचा. संभोग कुणी केला? नामाला कर्ता लागत नाही. कथन कुणी केलं? तेही गाळलेलं. ती बोलली होती, शपथेवर बोलली होती. वाक्यात तिचं बोलणं उरलं नाही आणि शिपायाचं करणंही उरलं नाही. तिचं शरीर मात्र उरलं. ती संभोगाला सरावलेली होती, असं वैद्यकीय तपासणीवरून नोंदलं गेलं आणि तेच तिच्याविरुद्ध गेलं. दोन बोटांच्या अशा तपासणीला सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये स्त्रीच्या हक्कांचा भंग म्हटलं आणि २०२२मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी ठरवलं. देसाईगंजनंतर पन्नास वर्षांनी.

या निकालावर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ‘असे वाटते’ म्हणून नाही, स्वतःची नावं घालून. १९८०मध्ये ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये कायदा बदलला आणि पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि प्रश्न संमतीचा उरला, तर काय करायचं? संमती नव्हती असं तिनं न्यायालयात साक्षीत सांगितलं, तर ती नव्हती असं न्यायालयानं गृहीत धरायचं. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे, त्यात हेच कलम १२०व्या क्रमांकावर आहे.

या कलमातही ‘की’ आहे. पण त्याच्या आधी बुजगावणं नाही. ‘ती सांगते की’ असं आहे. म्हणणारी बाई वाक्यात परत आली आणि तिच्या म्हणण्याला कायद्यानं वजन दिलं. आरोपीला उलट पुरावा देण्याची वाट मोकळीच आहे.

कुणी म्हणेल, गुन्हा सिद्ध होईपर्यंत ‘आरोप आहे’ असंच म्हणायला हवं. अगदी खरं. निर्दोष माणसाला त्याचं संरक्षण हवंच, उद्या ते आपल्या घरातल्याला लागेल. पण त्यासाठी कर्ता गाळावा लागत नाही. ‘तिने आरोप केला आहे की’ असं लिहिलं तरी आरोपीवर अन्याय होत नाही. तसंच पीडितेचं नाव झाकणं वेगळं आणि करणाऱ्याचं कृत्य झाकणं वेगळं.

आता आपल्या कामाचं. तुम्ही बायकांबरोबर पोलीस ठाण्यात जाता, अर्ज लिहून देता. तोंडी दिलेली फिर्याद पोलिसांनी लिहून घ्यायची असते आणि सहीआधी वाचून दाखवायची असते. तिची प्रत मोफत मिळते. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. वाचून दाखवताना कान उघडे ठेवा. ‘फिर्यादीस मारहाण करण्यात आली’ ऐकू आलं की थांबवा, विचारा, कुणी केली? ‘नवऱ्यानं काठीनं मारलं’ असं ती म्हणाली असेल तर तसंच उतरायला हवं. नाव माहीत नसेल तर अंदाजानं घालू नका, दिसला कसा ते सांगा. स्वतः पाहिलेलं ‘मी पाहिलं’ म्हणून आणि ऐकलेलं ‘अमुक बाईनं मला सांगितलं’ म्हणून वेगवेगळं लिहा. आपलाही ‘असे कळते’ कुणाला तरी लागू शकतो.

आणि घरी मुलीचा अभ्यास घेताना हा धडा आला तर उत्तर पुस्तकातल्यासारखंच लिहू द्या, मार्क जायला नकोत. वही मिटल्यावर मात्र तिला विचारा, ‘यातले पीपल कोण गं?’ मी तीस वर्षांत एकाही वर्गाला हे विचारलं नाही.