प्रवाळटाकीतील रात्र आणि मंद प्रकाश

प्रवाळटाकीचे मुख्य दिवे मालवले, की थोड्याच वेळात तिथली वर्दळ पालटते. दिवसभर पोहणारे टँग आणि क्रोमिस मासे खडकांच्या कपारीत शिरतात, रॅस कुळातील काही मासे वाळूत पुरून घेतात, क्लाउनफिश समुद्रपुष्पाच्या शुंडकांत विसावतो. मग बाहेर पडतात ते भंगुरतारे, खेकडे, राठ केसांचे वलयी कृमी आणि गोगलगाई. प्रवाळही बदलतात. त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा प्रकाशसंश्लेषण करून त्यांना अन्न पुरवतात. रात्री अनेक जातींचे पॉलिप फुलतात आणि शुंडके पसरून पाण्यातले प्राणिप्लवक पकडतात. ट्युबास्ट्रिया हा नारिंगी प्रवाळ तर अशी शैवाले बाळगतच नाही. त्याचे सारे पोट शिकारीवर चालते आणि तो पुरता फुललेला दिसतो तो बहुधा अंधारातच. रात्रीची टाकी ज्याने पाहिली नाही, त्याने आपल्या टाकीचा निम्मा संसार पाहिलेलाच नाही.

तो पाहायचा तर उजेड हवा, आणि उजेड वाढला की तो नाहीसा होतो. म्हणून प्रकाशाचे मान ध्यानात घ्यावे लागते. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो. निरभ्र रात्री पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश 0.1 ते 0.3 लक्स एवढाच भरतो. ‘मूनलाइट’ म्हणून मिळणारी निळी एलईडी पट्टी पूर्ण तेजाने लावली, तर ती चांदण्याच्या कित्येक पट प्रखर होते.

निळ्या रंगाबद्दलही गैरसमज आहे. चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच. त्याचा वर्ण उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतो. मंद प्रकाशात डोळ्यातील दंडपेशी काम करतात आणि त्या निळ्या-हिरव्या भागाला अधिक संवेदनशील असल्याने चांदणे निळसर भासते. निळा एलईडी लोकप्रिय होण्याचे खरे कारण वेगळे आहे. सुमारे 450 नॅनोमीटरच्या प्रकाशात प्रवाळांतील प्रतिदीप्त प्रथिने हिरवी, नारिंगी चमकतात. दृश्य मोहक असते यात वाद नाही.

पण निळा प्रकाश प्रवाळांना कळतो. ग्रेट बॅरिअर रीफवरील ॲक्रोपोरा मिलेपोरा या जातीत निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी क्रिप्टोक्रोम प्रथिने असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. त्या भित्तीवर वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रात्री असंख्य प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्रपेशी सोडतात. 2023 मधील एका अभ्यासात असे आढळले, की कृत्रिम उजेड पडणाऱ्या किनाऱ्यांलगत ही घटना एक ते तीन दिवस आधीच घडते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त टाकीत प्रवाळांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हा तापमान आणि दिवसाची लांबी यांच्याबरोबर चंद्राच्या कलाही हुबेहूब राखल्या होत्या. कलांमध्ये अमावास्याही येते. रात्रभर एकसारखा जळणारा निळा दिवा नेमकी तीच हिरावून घेतो.

निव्वळ निरीक्षणासाठी लाल एलईडी सरस ठरतो. 630 ते 660 नॅनोमीटरचा प्रकाश बहुतेक भित्तीवासी माशांना आणि कवचधारी प्राण्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बिचकत नाहीत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची अंधाराशी जुळलेली दृष्टीही त्याने फारशी बिघडत नाही. ती जुळायला 20 ते 30 मिनिटे लागतात. तेवढा वेळ खोलीतली ट्यूब आणि टीव्ही बंद असावा.

साधन साधे आहे. 5 मिलीमीटरच्या एलईडीला सहसा 20 मिलीअँपिअर प्रवाह दिला जातो. मालिकेत मोठा रोधक जोडून तो 1-2 मिलीअँपिअरवर आणला, तरी दिवा जळत राहतो आणि छोट्या टाकीला तेवढा पुरतो. वीज 12 व्होल्टच्या अडॅप्टरवरून घ्यावी, जोड पाण्यापासून सीलबंद करावेत आणि वायर टाकीखाली झोळ देऊन मग प्लगकडे न्यावी, म्हणजे थेंब ओघळत सॉकेटपर्यंत पोचत नाहीत.

निळा दिवा ठेवायचाच असेल तर तो शुक्ल-कृष्ण पक्षांनुसार कमी-जास्त होणारा असावा. लाल दिवा तास-दीड तास पुरे. त्यानंतर टाइमरने दोन्ही बंद करावेत आणि पहाटेपर्यंत टाकी पूर्ण अंधारात ठेवावी.